पाण्याची पाळी

बीडजवळ पालवण येथील उघड्या डोंगरावर जी 'सह्याद्री देवराई' उभी राहिली आहे, तिच्याविषयीं आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकलें असेल. अभिनेते सयाजी शिंदे व त्यांचे सहकारी यांनीं वनखात्याच्या साहाय्यानें तेथें वड, पिंपळ, लिंब अशीं देशी झाडें लावण्यास आरंभ केला, आणि २०२० सालच्या फेब्रुवारींत त्याच डोंगरावर वृक्षसंमेलन भरविलें. संमेलनाचें अध्यक्षपद वडास दिलें होतें. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षीय निवडणुकींचे रंग ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही निवड किती निर्विघ्न झाली असेल हें सांगावयास नको.

अशी लोकांनीं मिळून जोपासावयाची वनस्पतिबाग आमच्या जिल्ह्यांत चालविणें, हें पुण्यामुंबईस बाग चालविण्यासारखें नव्हे. बालाघाटचे डोंगर बोडके, पाऊस बेभरंवशाचा. आमच्या पालीस बिंदुसरेचें धरण आहे. परंतु दुष्काळाच्या वर्षीं तेंही तळ दाखवितें. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं राज्यांत एका दिवसांत दोन कोटी झाडें लावण्याचा संकल्प झाला. पुढें हा आंकडा चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ सालीं तेहतीस कोटी असा चढत गेला. त्यांतलीं जगलीं किती, हा प्रश्न मात्र विधिमंडळापर्यंत गेला.

आमच्या मतें ह्या प्रश्नाचें उत्तर पंचांगांत आहे. झाड लावावयाचें तें आषाढ-श्रावणांत. त्या वेळीं माणसें गांवांत असतात, जमीन ओली असते, उत्साह असतो, आणि छायाचित्रकारही असतो. रोपास पाण्याची खरी गरज लागते ती मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत. आणि नेमके त्याच सुमारास आमचे गांव रिकामे होतात! दिवाळी सरली कीं मुकादमाकडून उचल घेतलेले 'कोयते', म्हणजे नवराबायकोंच्या जोड्या, बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीस निघतात; कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी नगर-पुण्याकडे, कोणी थेट कर्नाटकांत. ते परततात तों चैत्र उजाडलेला असतो, कधीं वैशाखही. ज्या हातांनीं खड्डे खणले, ते हात तहानेच्या दिवसांत शेंकडों कोस दूर असतात. ह्यांत त्यांचा दोष तो काय? पोटाची सोय गांवांत असती, तर हौसेनें कोण गेला असता?

तेव्हां अशा बागेच्या चालकानें झाडांच्या यादीच्या आधीं माणसांची यादी करावी. मागें उरतें कोण? म्हातारीं माणसें, हंगामी वसतिगृहांत किंवा आजीपाशीं राहिलेलीं मुलें, दुकानदार, शिक्षक, आणि आमच्यासारखे निवृत्तिवेतनावरचे लोक. ह्यांच्यानें किती पाणी वाहवेल, त्यावरून झाडांची संख्या ठरवावी. हिशोब सोपा आहे. पांचशें रोपांस प्रत्येक खेपेस दहा लिटर धरले, तरी पांच हजार लिटर झाले; म्हणजे एक टँकर. तो आठवड्यास एकदां मिळणार नसेल, तर पांचशें रोपें लावूंच नयेत; शंभर लावावीं. रोपाच्या बुडाशीं कच्च्या भाजणीचें मडकें पुरून तें चार-पांच दिवसांनीं भरलें, तर पाणी थोडें लागतें व मुळाशींच मुरतें. आळ्यांत वाळलेलें गवत पसरल्यानें ओल टिकते. उरलें कुंपण; शेळी किती चिकित्सक वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, हें खेड्यांत राहिल्यावांचून कळत नाहीं.

पाळी लावण्याची पद्धत नवी नाहीं. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकांत शकुंतला निघून जाऊं लागते, तेव्हां प्रियंवदा तिला अडविते. कारण काय, तर दोन झाडांचें पाणी तिच्याकडे देणें राहिलेलें असतें! त्या ऋणांतून तिला सोडविण्यासाठीं राजा आपली आंगठी पुढें करतो. आम्हीं हा प्रवेश वर्गांत अनेक वर्षें शिकविला. मुलें शृंगार शोधीत, आम्ही त्यांस हें पाण्याचें खातें दाखवीत असूं. कण्वाच्या आश्रमांतही कोणाकडे किती झारे बाकी आहेत, हें कोणी तरी मोजीत होतें. संस्कृतांत 'पालि' म्हणजे ओळ, आणि बांधही. मराठी 'पाळी' त्याच कुळांतली. आमच्या गांवाचें नांव त्यावरूनच पडलें असें म्हणण्याचा मोह मात्र आम्ही आवरतों.

शाळेच्या बागेंतही आम्हांस हाच अनुभव आला. 'सर्वांनीं पाणी घालावें' असें फळ्यावर लिहिलें कीं कोणीच घालीत नसे. झाडाशेजारीं दोन मुलांचीं नांवें लिहिलीं, कीं एक दुसऱ्यावर लक्ष ठेवी. परीक्षा व उन्हाळ्याची सुटी हीच खरी कसोटीची वेळ. म्हणून फाल्गुनानंतरच्या पाळ्या मोठ्या माणसांकडेच द्याव्या. पाण्याबरोबर आगीचीही पाळी हवी. २०२१ सालीं पालवणच्या देवराईस वणव्याची झळ लागली. वाळलेलें गवत वेळींच कापून जाळरेषा स्वच्छ ठेवणें, हें काम पाण्याइतकेंच मोलाचें आहे. पण त्याचा समारंभ होत नाहीं.

ऊसतोडीस जाणाऱ्यांचें नांव मात्र वहींतून खोडूं नये. त्यांनीं लावलेलें झाड त्यांच्याच नांवें राहावें, व खालीं 'पाणी अमुक घरीं सोंपविलें' एवढी नोंद व्हावी. जातांना त्या घरच्या बाईनें शेजारणीस जशी चुलीशेजारच्या तुळशीची किल्ली सोंपवावी, म्हणजे अंगणाच्या फाटकाची, तसेंच हें झाड दाखवून द्यावें. ही वही भाऊबीजेच्या आंत, मुकादमाचे ट्रक येण्यापूर्वीं, सर्वांदेखत मोठ्यानें वाचावी. वाचावयास निवृत्त शिक्षक कोणत्याही गांवांत मिळेल. त्यांचा आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बांकापर्यंत पोंचतो.