लोणा लागलेली भिंत

परभणी जिल्ह्यातल्या सेलूतल्या या वाड्याच्या दर्शनी भिंतीला छातीएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला आहे. निजामाच्या काळात मनमाड-सिकंदराबाद रेल्वे आली, कापसाची पेठ वाढली, तेव्हाचं हे घर. ओल थांबावी म्हणून मागच्या पिढीने सिमेंटचा गिलावा केला. ओल आतच कोंडली आणि वर चढत गेली. मिस्त्रीमामांनी छिन्नीने पापुद्रा उचलला, तर मागची वीट भुकटी होऊन सांडली. वरच्या थरातली, सिमेंट न लागलेली वीट मात्र थापीच्या दांड्याने ठोकली तर खणखणीत वाजली.

इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंत थोडी हलतेच. चुना तेवढं सोसतो, ओलही बाहेर जाऊ देतो. सिमेंट दोन्हींच्या आड येतं. जुन्या घरांचं पावसाने केलं नसेल एवढं नुकसान असल्या डागडुजीने केलंय, असं मला वाटतं.

चुनकळी हौदात पडली की पाणी खदखदू लागतं. मग ती मुरू द्यायची, गाळायची, वाळू आणि सुरखी घालून मळायची. न भिजलेला एक खडा राहिला तरी तो पुढे भिंतीत फुगतो आणि गिलाव्यावर फोड येतो; म्हणून चाळणीपाशी मामा स्वतः बसतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत चुना पुन्हा दगड होतो, पण त्याला ओल टिकावी लागते. परभणीच्या मे महिन्यात ती टिकत नाही. आत्ता फक्त खराब विटा बदलायच्या, दरजा भरायच्या आणि वर ओली पोती टांगायची. बदलायच्या विटा गावातल्याच एका पाडलेल्या वाड्याच्या. तिथलं सागवान केव्हाच विकलं गेलं. विटा भरावात चालल्या होत्या.

घाई आहे ती माळवदाची. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली, आणि ती रास्तच होती. गळती थांबवायला जुन्यावर नवी माती टाकत गेल्याने इथेही भार वाढलाय. मामा आता तेच थर उतरवताहेत. भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं वाळवीने खाल्लीत का, हे टोचून बघताहेत.

मृगाच्या आत माळवद, गिलावा दिवाळीनंतर, असं ठरलंय. तोवर उघड्या विटांना कोणी रंगाचा हातही लावायचा नाही, अशी मामांनी घरच्यांना ताकीद दिली आहे.