मोफत नव्हे, मुक्त

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा नियमित आधार थांबविला. काही काळाच्या मुदतवाढीची सोय झाली खरी. परंतु तिने प्रश्न सुटला नाही, पुढे ढकलला गेला. ‘विंडोज ११’ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-व्यवस्था व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे नव्या प्रणालीस अपात्र ठरली. यंत्र मालकाचे, पण त्याचे आयुष्य ठरविणार दुसराच, हा व्यवहार मुकाट्याने मान्य करावयाचा काय?

या प्रश्नाचे एक उत्तर जुनेच आहे. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी आणि वाटावी. इंग्रजीत एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ कोंबले जातात. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द निराळे आहेत, आणि हा भेद नवशिक्याने आरंभीच जाणून घेणे हिताचे होय. कारण या प्रणालीस पैसे पडत नसले, तरी सवय बदलण्याची किंमत मोजावीच लागते.

ती किंमत अवास्तव मात्र नाही. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागण्याचे कारण नाही. ‘उबुंटू’ किंवा ‘लिनक्स मिंट’ पेन ड्राइव्हवरून, मूळ प्रणालीस धक्का न लावता चालवून पाहता येते. वायफाय जुळते काय, छपाईयंत्र ओळखले जाते काय, हे तेथेच कळते. कायमची स्थापना करण्यापूर्वी मात्र आपल्या सर्व फायलींची प्रत अन्यत्र ठेवणे अनिवार्य आहे. मराठी वापरकर्त्यापुढे आणखी एक अडचण येते. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेले जुने दस्तऐवज ते टंक नसलेल्या यंत्रावर निरर्थक रोमन अक्षरांसारखे दिसतात. त्यांचे रूपांतर आधीच करून घेणे शहाणपणाचे. पुढील लेखनास इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहेच.

तथापि, हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा मार्ग धरला आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. त्या निर्णयात राजकारण होते, तशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. उलट केरळने २००१ पासूनच्या ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्पातून शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मुक्त प्रणाली शाळाशाळांत रुजविली. शिकविणारा जवळ असला, की नवशिक्याचे भय ओसरते, हाच त्याचा बोध.

गावोगावच्या शाळांनी व सार्वजनिक ग्रंथालयांनी आठवड्यातील एक संध्याकाळ या कामासाठी राखून ठेवली, तर अडगळीत पडू पाहणारी कितीतरी यंत्रे पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती येतील. प्रणाली मुक्त झालेलीच आहे. आता तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करणे, एवढेच समाजाच्या हाती उरले आहे.