हायब्रिड गाडी नवी घ्यावी की सेकंड हँड? अमरावती-अकोल्यातल्या माणसाचा हिशेब

"ॲव्हरेज किती देते, भाऊ?"

वऱ्हाडात गाडीबद्दलचा पहिला प्रश्न हाच. त्यामुळे शोरूममध्ये कुणी "लिटरला २८" म्हटलं की माणूस थबकतोच. आकडा खोटा नाही. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर, दोन्हींच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलचं प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किमी आहे.

पण शोरूममधून बाहेर पडून मोबाइल उघडला की तीच गाडी तीन वर्षं जुनी, काही लाखांनी स्वस्त दिसते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, नवीच घे, बॅटरीचं लफडं नको. दुसरा म्हणतो, शोरूमबाहेर पडताच किंमत उतरते, जुनी बघ.

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण नवी की जुनी हे ठरवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तुमची गाडी जास्त चालते कुठे? राजकमल चौकात, की बडनेऱ्याच्या पुढे हायवेवर?

आधी बघा, ती खरंच हायब्रिड आहे का?

'हायब्रिड' या एका शब्दाखाली बाजारात दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली माइल्ड हायब्रिड. यात छोटी मोटर इंजिनला थोडा हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद-चालू करते. पण गाडी फक्त विजेवर चालत नाही. मारुतीच्या सियाझ, अर्टिगा, ब्रेझा यांच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हेच तंत्र आहे. जुन्या गाड्यांवर 'एसएचव्हीएस' असा बिल्ला दिसतो, तोही हाच प्रकार.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड. यात मोठी मोटर आणि वेगळी बॅटरी असते. कमी वेगात गाडी काही अंतर इंजिन बंद ठेवून, आवाज न करता चालते. बाहेरून चार्जिंग करावं लागत नाही. २०२२ मध्ये आलेल्या होंडा सिटी ई:एचईव्ही, हायरायडर आणि ग्रँड विटारा या मध्यम बजेटमधल्या स्ट्राँग हायब्रिड. त्याच वर्षाच्या शेवटी इनोव्हा हायक्रॉस आली.

गोंधळ कुठे होतो? ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्या माइल्ड आणि स्ट्राँग, दोन्ही प्रकारांत मिळतात. बाहेरून चेहरा जवळजवळ सारखाच. त्यामुळे जुन्या गाडीच्या जाहिरातीत नुसतं 'हायब्रिड' लिहिलेलं असेल, तर पायाकडे बघा. क्लच असेल तर ती स्ट्राँग हायब्रिड नाही, कारण या दोन्ही गाड्यांचं स्ट्राँग मॉडेल फक्त ऑटोमॅटिक येतं. ऑटोमॅटिक असेल तर 'ईव्ही मोड'चं बटण शोधा. जाहिरातीवर किंवा डिकीवरच्या बिल्ल्यावर विसंबू नका, कंपनीच्या बिलावरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचा.

शहरात आणि हायवेवर एवढा फरक का?

साधी गाडी ब्रेक मारते तेव्हा तिची गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिड गाडीत तीच मोटर जनरेटरचं काम करून त्या गतीची वीज करते आणि बॅटरीत भरते. पुढच्या चौकातून निघताना तीच वीज वापरली जाते.

म्हणजे जितके ब्रेक, तितकी बचत. अमरावतीत पंचवटी ते राजापेठ किंवा अकोल्यात टॉवर चौक ते गांधी रोड, ऑटो, दुचाकी आणि मध्येच उभ्या गाईंच्या गर्दीत हायब्रिड आपलं काम चोख करते.

आता हायवे घ्या. अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किमी लांबीची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता मोकळा झाला की गाडी मूर्तिजापूरच्या पुढेमागे ९०-१०० च्या एका वेगात चालते. ब्रेकच नाही, तर वीज कुठून गोळा होणार? इंजिन बहुतेक वेळ चालूच राहतं. हायब्रिडचं इंजिन कमी पेट्रोल पिणारं असतं, म्हणून थोडी बचत होतेच. पण शहरातल्याइतकी नाही.

चिखलदऱ्याचा घाट उतरतानाही बॅटरी भरते. पण ती छोटी असते, हायरायडरची तर ०.७६ किलोवॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरचं पाऊण युनिट. ती लवकर भरते आणि उरलेला उतार नेहमीसारखाच उतरावा लागतो.

पैसे कधी वसूल होतात?

समजा, त्याच मॉडेलच्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा हायब्रिड अडीच लाखांनी महाग आहे आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे. हे आकडे हिशेबापुरते धरलेत, तुमच्या कोटेशनमधले आकडे टाकून हा हिशेब पुन्हा करा.

पहिला माणूस शहरात फिरतो, महिन्याला १,००० किमी. पेट्रोल गाडी लिटरला ११ आणि हायब्रिड २० देते असं धरू. महिन्याला साधारण ४१ लिटर, म्हणजे ४,३०० रुपये वाचतात. अडीच लाख पाच वर्षांच्या आत वसूल.

दुसरा माणूसही महिन्याला १,००० किमीच चालवतो, पण जवळजवळ सगळं हायवेवर. तिथे पेट्रोल गाडी १७ आणि हायब्रिड २१ धरू. वाचतात फक्त ११ लिटर, म्हणजे बाराशे रुपयांच्या आत. अडीच लाख वसूल व्हायला सतरा वर्षांहून जास्त लागतील.

तिसरा माणूस रोज अमरावती-अकोला अपडाउन करतो. दिवसाला २०० किमी, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ४,४०० किमी. त्याची बचत महिन्याला ५,२०० रुपयांच्या घरात जाते आणि चार वर्षांत पैसे वसूल होतात. ऐकायला छान वाटतं. पण या तिन्ही कंपन्यांची हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी संपेल ते, अशी असते. वर्षाला ५२,८०० किमी चालणाऱ्या या गाडीची वॉरंटी तीन वर्षांतच संपते. पैसे वसूल व्हायच्या एक वर्ष आधी.

हे झालं ऑटोमॅटिकशी तुलना करून. तुम्ही एरवी गिअरवाली गाडीच घेणार असाल, तर ती आणखी स्वस्त असते आणि हायब्रिडचा फरक वसूल व्हायला आणखी वेळ लागतो.

मग सेकंड हँडचा फायदा काय?

जुन्या हायब्रिडची तुलना बहुतेक जण नव्या हायब्रिडशी करतात. खरी तुलना करायची ती त्याच वर्षाच्या, त्याच मॉडेलच्या जुन्या पेट्रोल गाडीशी. नवी असताना हायब्रिडसाठी मोजलेल्या जादा अडीच लाखांपैकी किती पहिल्या मालकाच्या खिशातून गेले आणि किती तुमच्याकडून मागितले जात आहेत, हे त्यातूनच कळतं.

समजा, जुन्या बाजारात हा फरक एक लाखावर आला आहे. शहरात फिरणाऱ्या पहिल्या माणसाचे पैसे दोन वर्षांत वसूल. हायवेवरच्या दुसऱ्याला मात्र तेव्हाही सात वर्षं लागतात. आणि विकणारा अजूनही दोन-अडीच लाखांचा फरक मागत असेल, तर या बाबतीत जुनी घेण्याचा फायदा उरत नाही.

दुसरा फायदा कराचा. महाराष्ट्रात हायब्रिडला पेट्रोल गाडीसारखाच रोड टॅक्स लागतो. १० ते २० लाखांच्या गाडीवर १२ टक्के, म्हणजे १७ लाखांच्या गाडीवर दोन लाखांहून जास्त. एमएच पासिंगच्या जुन्या गाडीचा हा कर आधीच भरलेला असतो. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा कर माफ केल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, ती आपल्याकडे लागू नाही.

घासाघीस करताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून या आकाराच्या हायब्रिडवरचा कर ४३ वरून ४० टक्के झाला. त्याच दिवशी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीवरचा ४५ वरून ४० वर आला. म्हणजे "मी एवढ्याला घेतली होती" हे जुनं बिल दाखवून कुणी भाव सांगत असेल, तर तुलना आजच्या ऑन-रोड किमतीशी करा.

बॅटरी आणि आपलं ऊन

मे २०२४ मध्ये उन्हामुळे अकोल्यात कलम १४४ लावावं लागलं होतं, आठवतंय ना? जास्त तापमान बॅटरीला मानवत नाही. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतली हवा वापरतात. ती मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढली जाते. त्या जाळीवर पिशव्या, गादी ठेवली किंवा धूळ साचली की बॅटरी तापते. उन्हाळाभर उघड्यावर उभी राहिलेली आणि जाळी कधीच साफ न केलेली गाडी कमी किलोमीटरची असली तरी जपून घ्यावी.

जुनी हायब्रिड बघायला जाताना एवढं करा:

– चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड काढा. बॅटरीची वॉरंटी किती उरली आणि ती नव्या मालकाला मिळते का, हे लेखी घ्या.
– पैसे देण्याआधी तिथेच हायब्रिड बॅटरीची तपासणी करून घ्या. वॉरंटीबाहेर बॅटरी बदलायची तर आज किती खर्च येईल, तेही विचारा.
– कार्पेट उचलून बघा. गाळ, गंज किंवा कुबट वास असेल तर गाडी पुराच्या पाण्यात गेलेली असू शकते. हायब्रिडमध्ये हा धोका साध्या गाडीपेक्षा मोठा.
– गाडी एप्रिल २०२३ च्या आधीची असेल तर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं का, हे मॅन्युअलमध्ये तपासा.
– नारंगी रंगाच्या वायरी म्हणजे जास्त व्होल्टेज. त्यांना कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका.

कागदपत्रं

वऱ्हाडात जुन्या स्ट्राँग हायब्रिड फार दिसत नाहीत, त्यामुळे शोध नागपूर-पुण्यापर्यंत जातो. राज्यातल्या राज्यात गाडी एमएच-२७ किंवा एमएच-३० च्या पत्त्यावर आणताना रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही, फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदलते. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिला एनओसी आणावी लागते आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं आहे का, चलान बाकी आहेत का, हे परिवहनच्या ॲपवर बघून घ्या. डीलर पूर्ण किमतीवर १८ टक्के जीएसटी मागत असेल तर थांबा. हा कर डीलरच्या नफ्यावर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही.

मग घ्यायची कोणती?

रोजचं फिरणं शहरातलं असेल, महिन्याला हजार किमीच्या आसपास चालत असेल आणि आठ-दहा वर्षं गाडी बदलायची नसेल, तर नवी हायब्रिड परवडते. पैसे वॉरंटीच्या आतच वसूल होतात.

फिरणं शहरातलंच पण बजेट कमी असेल, तर जुनी बघा. फक्त बॅटरीची निदान चार वर्षं आणि ६०-७० हजार किमी वॉरंटी शिल्लक हवी, रेकॉर्ड पूर्ण हवं आणि जुन्या पेट्रोल गाडीशी फरक लाखाच्या आसपास हवा. २०२२ च्या शेवटी घेतलेल्या गाडीची वॉरंटी २०३० च्या शेवटी संपते, तिथून मागे मोजा.

आणि गाडी महिन्यातून दोनदा गावाला, लग्नाला, शेगावला जायलाच निघत असेल, तर नवी-जुनी हा वादच सोडा. साधी पेट्रोल गाडी घ्या. वाचलेल्या अडीच लाखांत १०५ च्या भावाने जवळजवळ २,४०० लिटर पेट्रोल येतं. लिटरला १७ च्या हिशेबाने ते ४० हजार किमी पुरेल.