फळाचा उत्सव आणि उत्पादकांचा संघ

माल चांगला असला म्हणजे तो आपोआप खपतो, ही समजूत जुनी असली तरी अनुभवास उतरणारी नाहीं. ज्याच्या शेतांत माल पिकतो तो शेतकरी गिऱ्हाइकाला ओळखत नाहीं, आणि ज्याच्या ताटांत तो माल पडतो त्या गृहस्थाला शेतकऱ्याचें नांवही ठाऊक नसतें. दोघांनाही ओळखणारा एकच, तो म्हणजे मधला व्यापारी. आणि म्हणूनच भावाची दोरी बहुधा त्याच्या हातीं राहते. ही दोरी थोडीशी तरी आपल्याकडे ओढून घ्यावी या हेतूनें उत्पादकांचे संघ निघतात, आणि प्रचार व उत्सव हीं त्यांचीं दोन साधनें होत.

या प्रकाराचें एक चांगलें उदाहरण मुंबईच्या उत्तरेस फार दूर नाहीं. पश्चिम रेल्वेनें पालघर सोडल्यावर बोईसरच्या अलीकडे उमरोळी हें लहानसें स्थानक लागतें. तेथून वाणगांव व डहाणू मागें टाकून गाडी घोलवडकडे निघाली कीं, चिकूच्या गर्द हिरव्या बागांचा मुलूख सुरू होतो. चिकू हें फळ मूळचें या देशाचें नव्हे. त्याचें माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तेथें याच झाडाच्या चिकापासून चघळण्याचा गोंद करीत असत. महाराष्ट्रांत त्याची पद्धतशीर लागवड घोलवड येथें १८९८ सालीं झाली असें मानतात. समुद्राजवळची दमट हवा आणि चुन्याचा अंश असलेली जमीन या दोहोंच्या योगानें तेथील फळास विशेष गोडी आली. पालघर जिल्ह्यांत आज सुमारें ५,००० हेक्टर जमीन चिकूखालीं असल्याचें सांगतात.

परंतु हें फळ जितकें गोड तितकेंच धन्याला अडचणींत टाकणारें आहे. आंबा पिकूं लागला कीं रंगानें आणि वासानें आपली वर्दी देतो; चिकू मात्र कच्चा काय आणि तयार काय, वरून सारखाच मातकट दिसतो. नखानें साल किंचित् खरवडून आंत हिरवट छटा दिसते कीं पिवळसर, यावरून जाणत्या माणसाला त्याची पारख करावी लागते. झाडावरून उतरविलेलें फळ थोड्याच दिवसांत मऊ पडतें, आणि त्यानंतर त्याला थांबवून धरणें कठीण. ज्याचा माल थांबूं शकत नाहीं त्याला भावासाठीं घासाघीस करण्यासही थांबतां येत नाहीं. बाजारांत एकदम आवक वाढली म्हणजे मिळेल तें पदरांत पाडून घेणें एवढेंच त्याच्या हातीं उरतें. शिवाय नांवाची चोरी होते ती वेगळीच. घोलवडचें फळ प्रसिद्ध झालें म्हणजे भलत्याच गांवचें फळ त्याच नांवानें विकण्याचा मोह कोणासही होतो.

यांपैकीं नांवाच्या रक्षणाचा उपाय कायद्यानें दिला. भौगोलिक उपदर्शनाचा कायदा १९९९ सालीं झाला व २००३ पासून अंमलांत आला. एखाद्या मालाचा विशिष्ट गुण एखाद्या विशिष्ट भूभागामुळें येत असेल, तर त्या भूभागाचें नांव त्या मालाकरितां राखून ठेवतां येतें, हें त्याचें मर्म. व्यापारचिन्हाची मालकी एका पेढीची असते. येथें नोंदणी उत्पादकांच्या मंडळाच्या नांवानें होते आणि तिचा लाभ त्या भागांतील नोंदलेल्या सर्व उत्पादकांस घेतां येतो. महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघानें खटपट करून ‘डहाणू घोलवड चिकू’ हें नांव २०१६ सालीं नोंदवून घेतलें. आणि २०२१ सालीं या नांवाखालीं तेथील चिकू इंग्लंडला रवाना झाला.

परंतु सरकारी नोंदवहींतील नांव गिऱ्हाइकाच्या जिभेवर आपोआप येत नाहीं. त्यासाठीं लोकांनाच बागेंत आणावें, ही कल्पना बोर्डी येथील चिकू महोत्सवाच्या मुळाशीं आहे. ग्रामीण उद्योजकांच्या एका संस्थेच्या पुढाकारानें हा महोत्सव २०१३ सालीं सुरू झाला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें मुंबईची उपनगरी गाडी विरारपुढें डहाणूपर्यंत धांवूं लागली, ही गोष्टही या भागास उपकारक ठरली. समुद्रकांठच्या या मेळ्यांत चिकूच्या सुकविलेल्या चकत्या, पूड, लोणचें, मिठाई असे नाना पदार्थ मांडलेले असतात. पाहुण्यांना बागांतून हिंडवितात. वारली चित्रें काढून दाखवितात आणि तारप्याच्या सुरांवर नाचही होतो. यांतील पदार्थांची बाजू केवळ हौसेची नाहीं. जें फळ चार दिवस टिकत नाहीं, त्याची चकती वा पूड केली कीं तीच वस्तु महिनोन्महिने टिकते. आणि टिकाऊ मालाचा धनी भावासाठीं थांबूं शकतो. उत्सवाच्या गजबजाटांत लपलेलें अर्थशास्त्र तें हेंच.

अंड्यांच्या धंद्यानेंही अशीच वाट धरली. अंडेंही नाशवंतच. व्यापारी सांगेल तो भाव घेऊन कोंबडीपालक मेटाकुटीस आले, तेव्हां पुण्याचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकारानें १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापन झाली. अंड्याचा भाव उत्पादकांनींच जाहीर करावा, हें तिचें पहिलें काम. आणि अंडें खाण्याची संवय लोकांत वाढवावी, हें दुसरें. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ हें तिचें वाक्य दूरचित्रवाणीवरून घरोघरीं गेलें आणि पोरासोरांच्याही तोंडीं बसलें. १९९६ पासून ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार जगभर अंडेंदिन म्हणून पाळतात, त्याचाही उपयोग ती प्रचाराला करून घेते.

अमेरिकेंतील वराहपालकांनीं तर हें शास्त्र पूर्णतेस नेलें. ऑक्टोबर महिना हा तेथें डुकराच्या मांसाचा महिना मानतात. कारण पूर्वी त्याच सुमारास जनावरें बाजारांत येत. १९८५ च्या एका कायद्यानें विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जनावरामागें किंमतीच्या प्रमाणांत पट्टी बसविली आणि त्या पैशांतून १९८७ सालीं ‘दुसरें पांढरें मांस’ ही घोषणा निघाली. चरबीच्या भीतीनें कोंबडीकडे वळलेल्या गिऱ्हाइकास परत आणणें हा तिचा उद्देश होता. घोषणा गाजली, परंतु लहान पशुपालकांना वाटूं लागलें कीं, पट्टी सर्वांची आणि लाभ मात्र बड्यांचा. २००० सालच्या मतदानांत बहुसंख्य उत्पादकांनीं ही पट्टी बंद करावी असाच कौल दिला. तथापि पुढें तडजोड होऊन ती चालूच राहिली. आपल्याकडे वराहपालन हा बहुतांशीं गरिबांचा धंदा. २०१९ च्या पशुगणनेंत देशांत सुमारें ९० लाख डुकरें भरलीं. त्यांत आसामचा क्रम पहिला. गोव्यांत व ईशान्य भारतांत हें मांस आदरानें खातात, पण अन्यत्र धर्म, जात आणि तिटकारा हे तिन्ही या धंद्याच्या आड येतात. ज्या धंद्याचें नांव घेण्यासच समाज कचरतो, त्याला उत्सव कोठून सुचावा? म्हणजे प्रचार करतां येणें हीही एक प्रकारची सामाजिक पतच होय.

यावरून उत्सवाची कसोटी कोणती तें दिसून येतें. गर्दी किती जमली, हें तिचें माप नव्हे. बागाइतदाराला भाव बरा मिळाला काय, लहान खातेदाराच्या मालासही तें नोंदलेलें नांव लागलें काय, आणि झाडावर चढून फळ उतरविणाऱ्या मजुराच्या हातीं कांहीं अधिक पडलें काय, हे खरे प्रश्न. डहाणूच्या मुलखांत हा शेवटचा प्रश्न विसरतां येण्याजोगा नाहीं. याच भागांतील वारल्यांनीं १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वेठबिगारीविरुद्ध लढा दिला होता. ज्यांचीं चित्रें आणि ज्यांचा तारपा मेळ्याची शोभा वाढवितात, त्यांच्याच जातभाईंचे हात बागांतून राबतात. शहरांतील गृहिणीनें फळाची टोपली घेतांना गांवाचें नांव विचारावें, हें उत्पादकांचा संघ तिला शिकवीत आहे. नांवामागच्या माणसांची विचारपूस करण्यासही ती शिकली, तर त्या उत्सवाचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.