विश्लेषण : फुलापेक्षा पानांना मान देणारे जपानी ‘फुकिरान’ घरी कसे वाढवतात? मातीशिवाय ते जगते कसे?

तळहातावर मावेल एवढे रोप, कुंडीत मातीचा कणही नाही आणि काठाच्या वर आलेला शेवाळाचा गोल उंचवटा. समाजमाध्यमांवरील छायाचित्रांमुळे ‘फुकिरान’ हे जपानी लघु ऑर्किड भारतातील हौशी बागप्रेमींनाही ओळखीचे होऊ लागले आहे. मात्र घरी आणलेले रोप काही महिन्यांत कुजते, अशी वेळ अनेकांवर येते. बहुतेकदा यामागे दुर्लक्ष नव्हे, तर गरजेपेक्षा जास्त पाणी असते.

फुकिरान म्हणजे नेमके काय?

जपान, कोरिया आणि चीनमध्ये झाडांच्या खोडांवर व कडेकपारीत वाढणाऱ्या या ऑर्किडला जपानीत ‘फुरान’ म्हणतात. ‘फु’ म्हणजे वारा आणि ‘रान’ म्हणजे ऑर्किड. याच ऑर्किडच्या निवडक, वेगळेपण असलेल्या वाणांना ‘फुकिरान’ म्हणजे ‘वैभवाचे ऑर्किड’ म्हटले जाते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे ते ‘निओफिनेशिया फाल्काटा’ म्हणून प्रसिद्ध झाले. २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी निओफिनेशियाचा समावेश ‘वांडा’ गटात केला. ‘वांडा’ हे नाव मूळ संस्कृत ‘वंदा’ या शब्दावरून आले आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला हा शब्द वापरत. मात्र हे ऑर्किड बांडगूळ नाही. ते झाडाचा फक्त आधार घेते, त्याचा रस शोषत नाही.

फुलांपेक्षा पानांना मान का?

उन्हाळ्याच्या सुरुवातीला याला नाजूक पांढरी फुले येतात. फुलामागे लांब, वाकलेली मधाची नळी असते. सुगंध संध्याकाळनंतर वाढतो, कारण परागीभवन करणारे पतंग रात्री फिरतात. तरीही जपानी रसिक वर्षभर पाहतात ती पाने. पानांवरचे पांढरे-पिवळे पट्टे, कडेची रेघ, पान लांब की आखूड व जाड, पान खोडाला जिथे जोडले जाते तिथली रेषा सरळ की कमानदार, अगदी मुळाच्या टोकाचा रंग हिरवा की लालसर, यावरून वाण ओळखला जातो. पानांना पांढरी कड असलेला ‘निशिदेमियाको’ आणि गुलाबी फुलांचा ‘शुतेन्नो’ हे त्यातील प्रसिद्ध वाण.

हा छंद एदो काळात बहरला. १७८७ ते १८३७ या काळात शोगुन असलेले तोकुगावा इएनारी या ऑर्किडचे चाहते होते आणि सरदार त्यांना दुर्मीळ रोपे भेट देत, असे सांगितले जाते. रोपावर सोन्या-चांदीची जाळी ठेवायची आणि पाहताना श्वास लागू नये म्हणून तोंडापुढे कागद धरायचा, अशीही आख्यायिका आहे. आजही जपानमधील फुकिरान संघटना नोंदणीकृत वाणांची यादी सुमो पैलवानांच्या क्रमवारीच्या धर्तीवर प्रसिद्ध करते.

कुंडीत माती का नसते?

या ऑर्किडच्या जाड मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी शोषते आणि वाऱ्याने लगेच सुकते. भिजणे आणि सुकणे या दोन्हींची मुळांना गरज असते. मातीत घातल्यास मुळे सतत ओली राहतात, त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. शेवाळाचा उंचवटा दिसायला सुंदर असला, तरी त्याचे मुख्य काम मुळांना हवा मिळवून देण्याचे आहे.

रोप कुंडीत कसे बसवतात?

यासाठी स्फॅग्नम मॉस हे लांब धाग्यांचे वाळवलेले शेवाळ लागते. ते पाण्यात भिजवून घट्ट पिळून घ्यावे. रोपाची मऊ पडलेली, पोकळ मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. मग मॉसचा आतून पोकळ असा उंचवटा करावा. त्यासाठी बाटलीच्या निमुळत्या तोंडाभोवती मॉस गुंडाळून बाटली अलगद काढून घेता येते. या उंचवट्यावर रोप ठेवून मुळे चारही बाजूंनी खाली सोडावीत आणि त्यावर मॉसचा पातळ थर द्यावा. रोपाचा बुंधा मॉसमध्ये गाडला जाऊ नये.

पारंपरिक कुंडी पातळ भाजलेल्या मातीची, पायांवर उभी आणि तळाला मोठे भोक असलेली असते. त्या भोकातून हवा थेट पोकळीत शिरते. अशी कुंडी नसेल, तर बाजूंना भोके असलेली साधी मातीची कुंडीही चालते. मॉस हळूहळू कुजते आणि दाबले जाते. त्यामुळे दर एक-दोन वर्षांनी, नवी मुळे फुटण्याआधी, वसंत ऋतूत ते बदलतात.

पाणी, ऊन, खत किती?

ठरावीक वारी पाणी देण्याची सवय इथे घातक ठरते. मॉसला बोट लावून पाहावे. वरचा थर कोरडा लागला, तरच सकाळी भरपूर पाणी द्यावे आणि ते पूर्ण निथळू द्यावे. सकाळचे कोवळे किंवा जाळीतून गाळून येणारे ऊन पुरते, दुपारच्या उन्हात पाने भाजतात. वाढीच्या काळात अगदी पातळ केलेले द्रवखत अधूनमधून द्यावे. हिवाळ्यात खत बंद करून पाणी बरेच कमी करतात. तेव्हा पाने थोडी सुरकुततात. ती विश्रांतीची खूण असते.

महाराष्ट्रात कोणती अडचण येते?

मुख्य अडचण पावसाळ्याची. हवेत दमटपणा असल्याने मॉस दिवसेंदिवस सुकत नाही. त्यामुळे कुंडी थेट पावसात किंवा पागोळ्यांखाली ठेवू नये. वारा खेळेल अशा गॅलरीत, टांगून किंवा जाळीच्या मांडणीवर ठेवावी. बंद खोलीत मंद वेगाने फिरणारा पंखाही उपयोगी पडतो. मॉसचा थर पातळ ठेवला, तर धोका कमी होतो. दुसरी बाब हिवाळ्याची. मूळ प्रदेशात या ऑर्किडला स्पष्ट थंडी मिळते. नाशिक, पुण्यासारख्या ठिकाणी रात्री गारवा असतो, किनारपट्टीवर तो कमी. तिथे रोप निदान रात्री खिडकीजवळ, मोकळ्या हवेत ठेवावे.

खरेदी करताना काय पाहावे?

अति गोळा केल्यामुळे जंगलातील हे ऑर्किड जपानमध्ये असुरक्षित मानले जाते, तर दक्षिण कोरियात त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. संपूर्ण ऑर्किड कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते. परदेशातून जिवंत रोप मागवायचे, तर आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रही लागते. कागदपत्रांविना पाकिटातून येणारे रोप जप्त होऊ शकते आणि त्यासोबत कीड-रोगही येऊ शकतात. सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’सारखी ऑर्किडेही अशीच झाडांवर वाढतात. ती खरवडून घरी आणू नयेत.

दुर्मीळ वाण महाग असतात, कारण बाजूला फुटणारी पिल्ले वेगळी करण्यायोग्य व्हायला काही वर्षे लागतात. त्यामुळे नवख्याने नर्सरीत वाढवलेले, साधे पांढऱ्या फुलांचे रोप घ्यावे. पाने घट्ट आणि मुळे टणक आहेत का, हे पाहावे. एक पावसाळा ते नीट तगले, की मग पट्टेदार पानांच्या वाणांचा विचार करावा.