डबीचा आवाज

सकाळचे साडेदहा वाजलेत. ठाण्यातल्या एका सरकारी एआरटी केंद्राबाहेरचा, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं मिळतात त्या केंद्राबाहेरचा, बाक भरलाय. इथे नाव पुकारत नाहीत, टोकनचा नंबर पुकारतात. मीही केंद्राचं नाव लिहीत नाही. कुणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय उघड करायला 2017 चा कायदा मनाई करतो, आणि या बाकावरच्या माणसांना त्या मनाईची खरीच गरज आहे.

माझ्या शेजारच्या ताई डोंबिवलीहून आल्यात. घराजवळ सोय असली तरी त्या तिथे जात नाहीत. "तिथं सोसायटीतलं कुणी ना कुणी भेटतंच," त्या हळूच सांगतात. त्यांची उपचारांची हिरवी वही पदराखाली आहे. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा एवढी स्टेशनं मागे टाकली, की त्यांना जरा मोकळं वाटतं.

त्यांचा नंबर येतो. खिडकीतला फार्मासिस्ट जुनी डबी ओततो आणि उरलेल्या गोळ्या मोजतो. चार. हिशेबाने चारच उरायला हव्या होत्या. समुपदेशक मॅडम रिपोर्ट पुढे सरकवतात. "ताई, व्हायरल लोड पुन्हा टार्गेट नॉट डिटेक्टेड. झोपायच्या वेळेची गोळी अशीच चालू ठेवा." विषाणू शरीरातून गेलेला नाही, पेशींमध्ये तो दडलेला आहेच. पण रक्तात तो चाचणीलाही सापडत नाही, इतका दबलाय. तो असाच दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मॅडम हे दर वेळी नव्याने सांगतात, आणि ताई दर वेळी मन लावून ऐकतात.

तीन नव्या डब्या मिळतात. एका गोळीत तीन औषधं : टेनोफोव्हिर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम. सगळे 'टीएलडी' म्हणतात. ताईंनी 2005 साली भायखळ्याला जेजे रुग्णालयात औषध सुरू केलं. सरकारने 1 एप्रिल 2004 ला देशात मोफत उपचार सुरू केले, तेव्हाच्या पहिल्या आठ केंद्रांत जेजे होतं. "यांच्या वेळेला हे असतं तर," एवढंच त्या म्हणतात. नवरा त्याआधीच गेला. तेव्हा गोळ्या सकाळ-संध्याकाळ घ्याव्या लागायच्या, पायांना मुंग्या यायच्या.

आता त्या बाकावर बसून पर्समधून कापूस काढतात. डबीचं झाकण उघडून कापूस आत दाबतात, डबी कानाशी धरून हलवतात, आणखी थोडा दाबतात. "लोकलमध्ये खुळखुळतात हो. बायका विचारतात, थायरॉइडच्या का? मग हो म्हणावं लागतं." मॅडमचं लक्ष जातं. "आतली सिलिकाची पुडी तेवढी काढू नका, ओल लागेल."

मला त्या कापसाचं फार वाईट वाटतं. रोज एका गोळीने आजार काबूत आलाय, औषध फुकट आहे, ताई एक दिवसही चुकत नाहीत. आणि तरी गाडीत त्या गोळ्यांचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनाच जपावं लागतं. ही भीती घालवणं हे औषधाचं काम नाही. ते शेजारी बसणाऱ्या आपलं आहे.

पुढच्या नंबरच्या कल्याणच्या दादांना एचआयव्हीबरोबर हेपॅटायटिस बी सुद्धा आहे. बरं वाटतंय, गोळी बंद करू का, असं ते विचारतात. मॅडमचा आवाज चढतो. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन दोन्ही विषाणूंना आवरतात. मनानेच थांबवलं, तर बी उसळून यकृत धोक्यात येऊ शकतं. दादा मान हलवतात, पण मॅडम त्यांच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतात.

तेवढ्यात एक तरुण धापा टाकत आत येतो. डोंबिवलीतल्या एका खाजगी दवाखान्यात तो हाउसकीपिंगला आहे. पिशवी बांधताना सुई बोटात घुसली. सुया जाड पांढऱ्या डब्यात टाकायच्या असतात, ही पिशवीत होती. डॉक्टर आधी विचारतात, "किती वाजता टोचली?"

"आठ वाजता, सर. साबणाने धुतलं."

"पिळलं नाहीस ना? बरं केलंस."

डॉक्टर त्याला आकडे सांगतात. बाधित रक्ताची सुई हजार जणांना टोचली, तर एचआयव्ही साधारण तिघांना होतो. हेपॅटायटिस सीचाही धोका असतो. आणि लस न घेतलेल्यांत बी तीनशेपर्यंत. "लस घेतलीस?" पोरगा गप्प. त्याला कुणी दिलेलीच नाही. तीन डोसांची लस, आणि या कामावर घेताना ती द्यायला हवी होती.

रक्त तपासणीला जातं, पण रिपोर्टची वाट न बघता एचआयव्हीची लागण रोखायला त्यालाही टीएलडीच देतात. 72 तासांनंतर या गोळीचा उपयोग नसतो. जितकी लवकर, तितकी चांगली. 28 दिवस, रोज एक. पुन्हा तपासणी सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. बीच्या लशीचा पहिला डोस आजच. सीला लस नाही. पण तो झालाच, तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिरच्या बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक जण पूर्ण बरे होतात, आणि 2018 पासून त्याही सरकार मोफत देतं.

"पहिली इथंच घे," डॉक्टर म्हणतात. तो पाण्याची बाटली शोधतो. ताई आपली पुढे करतात. गोळी गिळून तो विचारतो, "सर, दुपारची ड्युटी आहे. जाऊ ना?"

"आधी लस, मग ड्युटी. आणि तिथल्या सुपरवायझरचा नंबर दे, मी बोलतो."