बर्फातला मनोरा

सिंहगडावर जाणाऱ्या प्रत्येकाने दूरदर्शनचा मनोरा पाहिलेला असतो. तानाजीची समाधी पाहायची, पिठले-भाकरी आणि दही खायचे आणि मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढायचा, हा आपला शिरस्ता. तो इतक्या उंचावर का, हे फारसे कोणी विचारत नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की पलीकडे चित्र नाही. तेव्हा आपणच डोंगरावर जाऊन बसावे, हे बरे.

पण बसणे वेगळे आणि टिकणे वेगळे. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील माउंट वॉशिंग्टनबद्दल वाचले तेव्हा मला हे कळले. उंची अवघी १९१७ मीटर. आपले कळसूबाई याहून फारसे कमी नाही! मात्र तेथे वर्षात शंभराहून अधिक दिवस वारा ताशी ११९ किलोमीटरच्या वर जातो. १२ एप्रिल १९३४ रोजी तेथे ताशी ३७२ किलोमीटर वेग मोजला गेला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळतो.

अशा शिखरावर १९५४ साली 'डब्ल्यू. एम. टी. डब्ल्यू.' या केंद्राने आपला प्रक्षेपक उभारला. तेथे वाऱ्याहूनही वाईट शत्रू म्हणजे बर्फ. ढगातले थेंब शून्याच्या खाली थंड होतात, तरी गोठत नाहीत. लोखंडाला टेकताक्षणी मात्र त्यांचे बर्फ होते. हे बर्फ वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वाऱ्याला तोंड देत, पिसांसारखे वाढत जाते. मनोऱ्याचे वजन वाढते, वाऱ्याला अडणारी रुंदी वाढते. एरियलवर थर चढला तर पाठवलेली शक्ती बाहेर न जाता यंत्राकडे परतू लागते. इंग्लंडमध्ये एम्ली मूर येथील ३८५ मीटरचा मनोरा १९ मार्च १९६९ रोजी कोसळला, तो बर्फ आणि वाऱ्यामुळेच.

हा मजकूर मी वडिलांना वाचून दाखवला. ते वायरमन आहेत, आणि घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे माझे लिखाण आधी त्यांच्यापुढे जाते. त्यांनी एकच विचारले, "अगं, ते सगळं खरं. पण बिघाड झाल्यावर वर कोण चढतं?"

प्रश्न बिनतोड होता. वादळात मनोऱ्यावर कोणी चढू शकत नाही. ती कामे हवामान निवळेपर्यंत थांबतात. म्हणून हिवाळ्याची खरी निगा उन्हाळ्यातच घ्यायची असते. रस्ता मोकळा असताना डिझेल वर नेऊन साठवायचे, कारण शिखरावरची वीज जनित्रांवरच होती. हिवाळ्यात बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीने माणसे वर जात आणि आठवडाभराच्या पाळीने तेथेच राहत. यंत्राचे काटे पाहायचे, जनित्र बंद पडू द्यायचे नाही, अन्न शिजवायचे, झोपायचे. मार्टी एंगस्ट्रॉम नावाचे अभियंता १९६४ पासून ३८ वर्षे हेच करीत होते. ते पडद्यावर येऊन शिखरावरचे हवामानही सांगत आणि शेवटी वाकडे हसत. लोकांना ते हसू आवडे. बातम्या देणाऱ्यांपेक्षा प्रक्षेपक सांभाळणारा माणूस लाडका व्हावा, हे मला फार आवडले. आमच्या गावात दिवे गेल्यावर वायरमनची आठवण होते. दिवे असताना कोणी काढत नाही. असो.

२००२ साली केंद्राने प्रक्षेपक मेन राज्यातील बाल्डविन येथे हलवला आणि अभियंत्यांचा मुक्काम संपला. शिखरावर वीज मात्र त्यांच्याच जनित्रांतून जात राहिली. ९ फेब्रुवारी २००३ रोजी त्या जनित्रांच्या इमारतीला आग लागली. भर हिवाळ्यात बंब तेथे कसा पोचणार? इमारत जळाली आणि शेजारच्या हवामान वेधशाळेची वीज गेली. त्या शिखरावर एफ. एम. रेडिओचे जनक आर्मस्ट्राँग यांनी १९३७ साली उभारलेला मनोरा मात्र अजून उभा आहे.